होडीला भोक

६ फेब्रुवारी, गुरुवार

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाली. पाचवी पुन्हा माझ्याच गळ्यात, आणि यंदा तिच्यात माझीच मुलगी. गावात पाचवीची तुकडी एकच, त्यामुळे इलाज नाही. सकाळी गाडीतच टॅम्सिनला बजावलं, "फाटकाच्या आत मी आई नाही, बाई."

"मग डबा विसरले तर कुणाला सांगू?"

उत्तर कायम तयार. बापावर गेलीय.

सबंध सुट्टीभर खपून केलेला खेळ आज वर्गातल्या पडद्यावर लावला. समुद्र, त्यात सहा होड्या, प्रत्येकीत चार मुलं. गृहपाठ, बरोबर उत्तर, नीट वागणूक, याला वारा मिळतो नि होडी पुढे सरकते. वेळ वाया घालवणं, मध्येच बोलणं, चहाडी करणं, याला भोक. पाच भोकं पडली की होडी बुडाली, चौघांचीही मधली सुट्टी गेली, मग भोकं पुन्हा शून्यापासून. एकाच्या चुकीचं पाणी चौघांच्या नाकात, हीच तर गंमत आहे. आयुष्यात तरी दुसरं काय असतं?

मुलं अक्षरशः बाकांवर चढली. दहा वर्षांत माझ्या वर्गात असा आवाज झाला नव्हता.

चहाच्या वेळी रॉस डेझली भेटला. हा शेजारच्या चौथीचा मास्तर, साठी उलटली तरी खुर्ची सोडत नाही. "काय गं व्हिव्हियन, तिकडे जत्रा भरली होती का? माझ्या पोरांना भागाकार ऐकू येईना."

"तुझा भागाकार तसाही कोण ऐकतं?" मी म्हटलं.

सगळे हसले. तो बिस्किट चहात बुडवत राहिला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सगळ्यांचा गृहपाठ आला. सगळ्यांचा! कीथ लिलिकोंना सांगितलं. नवे मुख्याध्यापक, होबार्टहून आलेत, त्यांना आकडे आवडतात. "लिहून ठेवा, शिक्षण विभागाला दाखवू," म्हणाले. उपमुख्याध्यापकाची जागा वर्षभर रिकामी आहे. मागच्या वेळी ती मला मिळाली नाही, का ते कुणी सांगितलंही नाही. असो.

शायला वेस्कम्ब टॅम्सिनच्या होडीत टाकली आहे. मुद्दामच. ही गोठ्यातून थेट वर्गात येणारी मुलगी, बुटांना शेण, आणि बोलताना अडखळते. एक शब्द ओठांवर आला की तिथेच बसतो. हुशारांबरोबर ठेवली तर सुधारेल. टॅम्सिनने नाक मुरडलं. मी लक्ष दिलं नाही. आपल्या मुलीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज मोठ्याने वाचन होतं. परिच्छेद वेळेत संपवला तर वारा, नाही तर भोक. शायला "ब" वर अडकली. बाकावर बोटं वाजू लागली, आधी एकाची, मग सगळ्यांची. मी थांबवलं, पण वेळ गेली ती गेलीच. नियम म्हणजे नियम. होडीला आधीच चार भोकं होती. बुडाली. पडद्यावर बुडबुडे आले आणि सगळ्या वर्गाने "गुडगुड गुडगुड" असा आवाज काढला. हे मुलांनी स्वतःच शोधून काढलंय. मला हसू आवरेना, खरं सांगते.

घरी टॅम्सिनने पास्त्याला हात लावला नाही. "तिला माझ्या होडीतून काढ."

"स्पर्धेत असं रडायचं नसतं. तिला मदत कर."

"मी आईशी बोलतेय, बाईंशी नाही."

"दोघींचं उत्तर एकच आहे."

दार आपटलं. माझ्याही आईने मला असंच कडक वाढवलं, काही बिघडलं नाही माझं.

४ मार्च, मंगळवार

काय पालटलं चित्र! टॅम्सिनची होडी सगळ्यांत पुढे. पंधरवडाभर शायलामुळे एकही भोक पडलेलं नाही. काही विचारलं तर मान हलवते, नाही तर छोट्या पाटीवर लिहून दाखवते, आणि लिहिते ते बहुतेक बरोबर असतं. तिला सूर सापडला म्हणायचा. टॅम्सिन तिला रोज डब्यातला स्वतःचा केक देते, असं मुलांकडून कळलं. मी घरी काही बोलले नाही, पण बरं वाटलं. मन मोठं आहे पोरीचं, दाखवत नाही एवढंच.

वर्ग इतका शांत आहे की समुद्रावरचा वारा खिडकीत ऐकू येतो. कीथ येऊन फोटो काढून गेले.

रॉसने मात्र व्हरांड्यात गाठलं. "शायला जेवणाच्या सुट्टीत माझ्या वर्गात येऊन बसते, माहीत आहे तुला?"

"काय करते तिथे?"

"बोलते."

"कशाबद्दल?"

"गायींबद्दल. न थांबता बोलते असं नाही, पण बोलते. तुझ्या वर्गात शेवटचं कधी बोलली?"

मी स्पष्ट सांगितलं, माझ्या वर्गातली मुलं पळवायची नाहीत. जेवणाच्या सुट्टीत होड्यांना जादा वाऱ्याची कामं असतात, ती तिची बुडतात. तो म्हणाला, "पळवत नाही गं, दार उघडं ठेवतो फक्त." असली वाक्यं त्याला जमतात. पोरांचं वाचन सुधारणं जमत नाही.

१३ मार्च, गुरुवार

जनेल वेस्कम्ब आली. शायलाची आई. आम्ही दोघी याच शाळेत एका बाकावर होतो, त्यामुळे तिला माझ्याशी नीट बोलायची गरज वाटत नाही. गमबूट घालूनच आत आली.

"माझी पोरगी घरी बोलेनाशी झालीय. काय केलंस तिचं?"

"जनेल, बस. वर्गात तिची प्रगती उत्तम आहे."

"प्रगती? आधी अडखळायची, पण दिवसभर बडबड तरी करायची. गायींशी, कुत्र्याशी, माझ्याशी. आता मान हलवते. मी काही म्हटलं की मान हलवते. बापाने हाक मारली, मान हलवते. घोडा आहे का ती?"

"घरात काही ताण असेल. पहाटे दूध काढायला तिला उठवता, झोप पुरत नाही…"

"गोठ्याचं नाव घेऊ नकोस. गोठ्यात ती हसते."

मी पडद्यावर तिची होडी दाखवली. पहिली आहे म्हटलं. जनेलने त्या समुद्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शाळेत असताना तू माझा गणिताचा पेपर बघून लिहायचीस, आणि मला शिक्षा झाली तेव्हा खिडकीबाहेर बघत बसली होतीस. तू बदलली नाहीस, व्हिव्ह."

काय पण लक्षात ठेवतात लोक. फरशीवर चिखल ठेवून गेली. मलाच पुसावा लागला.

२० मार्च, गुरुवार

विभागाच्या वाचन चाचणीचे निकाल. आमची पाचवी किनाऱ्यावरच्या सगळ्या शाळांत वर! कीथ खोलीत बोलावून म्हणाले, पुढच्या सत्रापासून हा खेळ सगळ्या वर्गांना लावायचा विचार आहे, आणि "त्याची जबाबदारी घेणारं कुणी वरच्या पदावर लागेल, नाही का?" मी शांत चेहऱ्याने हो म्हटलं. गाडीत बसल्यावर स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले, आनंदाने.

घरी येताना मासे आणि चिप्स घेतले. टॅम्सिनला सांगितलं.

"म्हणजे आपली होडी पहिली आली म्हणून तुला ते पद मिळणार?"

"तसं नाही. सगळ्या वर्गाचं वाचन सुधारलं म्हणून."

"पण आपली बुडाली तर?"

"बुडेल कशाला?"

तिने चिप्स मोजून खाल्ले आणि बोटं पुसली. नखं अगदी मुळापर्यंत कुरतडली आहेत. कडू औषध लावायला हवं.

२८ मार्च, शुक्रवार

दोन दिवस लिहिलं नाही. आज लिहिते, जसं झालं तसं.

बुधवारी ओहोटी बघून किनाऱ्यावरच्या खडकांवर सहल होती. बस एकच, म्हणून रॉसची चौथीही बरोबर. पलीकडे जायचं नाही म्हणून लाल झेंडा रोवला होता. मी खेळ सोडायला तयार नव्हते. शिंपले, खेकडे, शेवाळ, ज्याला जेवढं दुर्मीळ सापडेल तेवढा जास्त वारा. मी वाळूवर खुर्ची टाकून फोनवर गुण भरत होते. मुलं ओळीत उभी राहून दाखवत होती, आणि गडबड भयंकर होती. एकाचं बघावं तर दुसरा ओढतो. "बाई, यांनी आमचा खेकडा घेतला." "बाई, ते लाल झेंड्याच्या पलीकडे गेले." शेवटी मी ओरडले, आता जो चहाडी करेल त्याच्या होडीला भोक.

तेवढ्यात शायला पळत आली. गुडघे खरचटलेले. रांग मोडून थेट माझी बाही धरली आणि झेंड्याच्या पलीकडे बोट दाखवलं. "ट… ट…"

मला वाटलं, टॅम्सिन झेंड्यापलीकडे गेली म्हणून सांगायला आली आहे.

"शायला, रांगेत. आणि चहाडी नको."

तिने बाही सोडली नाही. "ट… ट…"

मागून कुणीतरी म्हणालं, "भोक!" मग सगळे, "भोक! भोक!"

मी भोक दिलं. फोनवर बोट दाबलं, ते मला आत्ताही दिसतंय. पाचवं होतं ते. मुलांनी गुडगुड केलं.

शायलाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि रॉसच्या दिशेने पळाली. मी पुढच्या मुलाचा शिंपला हातात घेतला.

रॉस तिच्यासमोर गुडघ्यावर बसलेला मला दिसला. ती अडखळत होती आणि हा बसलाच होता. मला वाटलं, झालं, हा आता तिचे लाड करणार. मग तो उठला, आणि साठीतला तो माणूस त्या निसरड्या खडकांवरून असा पळाला की माझ्या हातातला शिंपला पडला.

टॅम्सिन दोन खडकांच्या फटीत अडकली होती. निळा शिंपला काढायला गेली, दगड सरकला, घोट्यावर बसला. भरती लागली होती. मी पोचले तेव्हा पाणी तिच्या छातीला, आणि लाट आली की तोंडावर. रॉस आणि बसचा ड्रायव्हर दगड उचलत होते. टॅम्सिनने मला पाहिलं, पण हाक मारली नाही. "आई" नाही आणि "बाई"ही नाही.

बर्नीच्या हॉस्पिटलात घोट्याचं ऑपरेशन झालं. दोन ठिकाणी मोडलाय. डॉक्टर म्हणाले, चालेल, पळेल, वेळ लागेल. तिचे बाबा लॉन्सेस्टनला वेगळे राहतात, ते आले, खुर्चीत बसून राहिले, मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मी उलटून बोलले असते.

३ एप्रिल, गुरुवार

टॅम्सिन घरी आली. पाय उशीवर.

कीथचा फोन. अपघाताच्या अहवालात "सहल, भरती, झेंडा ओलांडला" एवढंच पुरे, असं त्यांचं मत. "खेळाचा उल्लेख कशाला? त्याचा संबंध काय?" मी म्हटलं, बघते.

दुपारी रॉस टॅम्सिनला भेटायला आला, तिच्यासाठी जर्दाळूचा मुरंबा घेऊन. जाताना दारात थांबला. मी आभार मानायला तोंड उघडलं.

"शायलाने तुला बोट दाखवलं होतं, व्हिव्हियन."

"मला वाटलं…"

"माहीत आहे तुला काय वाटलं. मी अहवालात सगळं लिहिलंय. तुला आधी सांगून ठेवावं म्हणून आलो."

"माझी मुलगी मरता मरता वाचली आणि तू माझ्यावर अहवाल लिहितोस?"

"हो," म्हणाला आणि गेला.

मी मुरंबा फेकून देणार होते. टॅम्सिन म्हणाली, "दे तो इकडे."

मग म्हणाली, "शायला ओरडली नाही, आई. मी फटीत होते, माझा आवाज लाटांत जात होता. ती वर उभी राहून ओरडू शकली असती. ओरडली नाही."

"घाबरली असेल."

"मी तिला सांगितलं होतं. शाळेत तोंड उघडायचं नाही. उघडलं नाही तर रोज केक. उघडलं तर कुणी तिच्याजवळ बसणार नाही, आणि तसं केलंसुद्धा, दोनदा."

मी म्हटलं, तू लहान आहेस, तुला कळलं नाही.

"मला कळत होतं," ती म्हणाली. "तुला नव्हतं कळत?"

संध्याकाळी बसून नियम नीट केला: जिवाला धोका असेल तर बोलण्याला भोक नाही, उलट दहा वारे. टॅम्सिनला वाचून दाखवला. तिने कुशीवर वळायचा प्रयत्न केला, पाय दुखला असावा, नुसतं तोंड भिंतीकडे केलं. मी तो पुसून टाकला. पुन्हा लिहिला. पुन्हा पुसला.

१० एप्रिल, गुरुवार

उद्या सत्र संपतंय. आज वर्गात पडदा बंद ठेवला. मुलांना सांगितलं, होड्या संपल्या, आता साधा अभ्यास.

आधी शांतता, मग गदारोळ. "आमची दुसरी होती!" "आता पहिली येणार होती!" "टॅम्सिन पडली म्हणून आम्हाला शिक्षा का?" मी टेबलावर पट्टी आपटली. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. अगदी नियमाप्रमाणे, परवानगीची वाट पाहून, सौजन्याने विचारलं:

"बाई, मग आता आम्ही गृहपाठ कशासाठी करायचा?"

चोवीस वर्षं शिकवतेय मी. फळ्याकडे वळले आणि तारीख लिहिली.

दुपारी शिक्षकांची सभा. कीथने जाहीर केलं, पुढच्या सत्रापासून होड्या सगळ्या वर्गांत. मी उभी राहिले. म्हटलं, थांबवा. निदान एक सत्र.

"व्हिव्हियन, खेळ तुमचाच आहे," कीथ गोड आवाजात म्हणाले. "आणि आकडेही तुमचेच. दमला आहात तुम्ही. जबाबदारी दुसऱ्या कुणाला देऊ हवं तर."

एका शिक्षिकेने लगेच मान हलवली, मी घेते म्हणून. मागच्या आठवड्यात हीच मला म्हणत होती, बिचारी टॅम्सिन. मी अहवालात खेळाचं सगळं लिहून दिलंय, हे कीथना आज सकाळीच कळलं असणार. त्यामुळे पदाचा विषय निघाला नाही, निघणारही नाही. रॉस कोपऱ्यात बसला होता. टोमणा मारेल असं वाटलं. त्याने मारला नाही. त्याचंच जास्त लागलं.

शायला त्या दिवसापासून शाळेत आलेली नाही. जनेलला मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तिने आवाज ओळखून ठेवून दिला.

३ मे, शनिवार

टॅम्सिन गेले दोन आठवडे मागे लागली होती, शायलाकडे ने. शेवटी जनेलला फोन तिनेच केला. किती वेळ बोलत होती कोण जाणे. आज गेलो.

लाल मातीचा रस्ता, शेवटी गोठ्याचं फाटक. जनेल फाटकातच उभी. मी गाडीचं दार उघडलं.

"पोरगी आत येईल," ती म्हणाली. "तू नाही."

"जनेल, मला फक्त तिला…"

"गाडीतच बस, व्हिव्ह. थंडी आहे, काच वर कर."

टॅम्सिन कुबड्या टेकत आत गेली. जनेलने तिला हात दिला नाही, पण तिच्या चालीने चालत राहिली. मी बसून राहिले. दूध काढायच्या यंत्राचा आवाज, मग तो बंद. मग दोघींच्या हसण्याचा आवाज, की गायी असतील. इतक्या लांबून काही कळत नव्हतं. मनात म्हणायची वाक्यं जुळवत होते. शायला, माझी चूक झाली. शायला, तू फार धीट आहेस. शायला, वर्गात तुझी जागा ठेवली आहे. तिसरं मला सगळ्यात चांगलं वाटलं.

तासाभराने दोघी बाहेर आल्या. टॅम्सिनच्या प्लास्टरवर शेण. शायला फाटकाशी थांबेल असं वाटलं, ती सरळ गाडीकडे आली. मी काच खाली केली.

"शायला, तुझी जागा मी…"

टॅम्सिनने कुबडी गाडीच्या दारावर ठोकली.

शायलाने तोंड उघडलं. "म" वर अडकली. मान किंचित पुढे, डोळे माझ्यावर. शब्द मला दिसत होता, माझ्या जिभेवर आला होता, हात शिवशिवावेत तसा तो पुढे ढकलावासा वाटत होता. पलीकडे जनेल हाताची घडी घालून उभी. वारा होता. कुणी हललं नाही.

"मी," शायला म्हणाली. मग थांबली. मग बाकीचं एक एक करत आलं, अडखळत, पण तिने एकही शब्द गाळला नाही. "मी तुमच्या वर्गात परत येणार नाही."

मी म्हटलं, "बरं."

तिने टॅम्सिनच्या दंडाला हात लावला आणि फाटकातून परत गेली. तिच्या तोंडून मी ऐकलेलं ते सगळ्यात मोठं वाक्य.

रस्त्याला लागल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "किती छान बोलली ती आज."

टॅम्सिन बाहेर बघत होती.

"ती रोजच छान बोलते, आई," ती म्हणाली.